घागरीचं गाणं आणि न खणलेली विहीर

फार फार मागची गोष्ट. तेव्हा राजे होते, आणि राजांच्या कानाशी लागणारे शहाणेही होते. राजे गेले. शहाण्यांचं मी काही बोलत नाही. लहानांनी पुढं सरकून बसा. मोठ्यांनी मागं बसलं तरी चालेल, पण कान इकडं ठेवा, कारण ही गोष्ट जास्त करून तुमच्यासाठीच आहे.

एका राज्यात काळ्या मातीचा मुलूख होता. तिथं कापूस पिकायचा. तो वेचणाऱ्यांची वस्ती गावापासून लांब, उघड्या माळावर होती. साऱ्या राज्याला वस्त्र पुरवणारी ही माणसं, आणि त्यांच्याच अंगावर चिंध्या! बरं, चिंध्यांचं एक वेळ सोडा. वस्तीला पाणी नव्हतं. सरदाराच्या मळ्यात गोड्या पाण्याची विहीर होती, पण तिच्या काठावर यांची सावलीसुद्धा चालत नव्हती. पाणी आणायचं ते टेकडीपलीकडच्या ओढ्यावरून. रिकामी घागर घेऊन उतरायचं आणि भरली घागर डोक्यावर घेऊन चढायचं.

त्या वस्तीत सटवा नावाचा एक वेचणारा होता. आईबाप लहानपणीच गेले होते. थोरल्या बहिणीनं, ठकानं, त्याला वाढवलं. ठका दिवसभर कापूस वेचायची आणि सकाळ-संध्याकाळ टेकडी चढायची. तिची धाप दुरूनच ऐकू यायची. ती धाप ऐकली की पोरगा चूल पेटवायला घ्यायचा. आक्का आली!

सटवाला नाद लागला तो तारेचा. कुठूनशी एक तार मिळाली, ती त्यानं झोपडीच्या चौकटीला ठोकली, खाली दगड सारून ताणली आणि वाजवायला लागला. ठका म्हणाली, "अरे, घर पाडतोस का काय?" मग त्यानं एक मोठा भोपळा कोरला, त्यावर बकऱ्याचं कातडं मढवलं, तीन तारा लावल्या. करंगळीत हाडाची पोकळ नळी घालायची आणि ती तारेवरून घसरवायची, अशी त्याची तऱ्हा. नळी वर सरकली की तार धापा टाकायची. हुबेहूब ठकासारखी.

त्या धापेवर त्यानं गाणं रचलं. टेकडी चढणाऱ्या बाईचं, तिच्या घागरीचं. पण तुम्हाला वाटतं तसं ते नुसतं रडगाणं नव्हतं हं. त्यात सरदाराच्या विहिरीतल्या गलेलठ्ठ बेडकाची टिंगल होती. बेडकाला पोहायला पाणी, आणि माणसाला प्यायला नाही! ते कडवं आलं की वस्ती पोट धरून हसायची, आणि हसता हसता डोळे पुसायची.

गाण्याला पाय असतात. सटवाचं गाणं वस्तीतून बाजारात गेलं, बाजारातून जत्रेत, आणि जत्रेतून राजधानीत. एक दिवस राजाचं बोलावणं आलं.

ठकानं लगबगीनं जत्रेत बक्षीस मिळालेलं कापड काढलं आणि भावाला कोरी बाराबंदी शिवली. बंद बांधत म्हणाली, "राजाच्या समोर जायचंय. आपल्या वस्तीची लाज राखून उभा राहा." आयुष्यात पहिल्यांदा सटवाच्या अंगावर न फाटलेलं वस्त्र आलं. तो ताठ मानेनं राजवाड्यात शिरला.

राजवाड्यात एक रसिकराज होते. पदवीच होती ती त्यांची. राजानं कुठल्या गाण्याला मान डोलवायची आणि कुठल्या गाण्याला नाक मुरडायचं, हे ते सांगायचे. सटवाला बघताच ते दोन पावलं मागं सरकले.

"हे काय सोंग?" ते म्हणाले. "कोरी बाराबंदी? छे, छे! दुःखाचं गाणं गाणारा माणूस असा दिसतो का? याला फाटका सदरा द्या. आणि ते बेडकाचं कडवं गाळा. दुःखात हसू आलं की रसभंग होतो."

सटवा म्हणाला, "पण रसिकराज, ही माझ्या आक्कानं शिवलीय."

"ती घरी घाल," रसिकराज म्हणाले.

तर असा फाटका सदरा घालून, बेडकाविना, सटवा गायला. नळी तारेवरून घसरली आणि राजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. दरबारातल्या साऱ्यांनी उपरणी डोळ्यांना लावली. राजा म्हणाला, "माग! काय हवं ते माग!"

"वस्तीला एक विहीर द्या, महाराज."

"दिली!" राजा म्हणाला, आणि दरबारानं जयजयकार केला.

सटवा धावत घरी गेला. ठकानं स्वतः जागा हेरली, कडुनिंबाजवळची. तिथं एक दगड रोवला, त्याला कुंकू लावलं आणि खणणाऱ्यांची वाट बघत बसली. एक उन्हाळा गेला. राजवाड्यातून निरोप आला, यंदा मुहूर्त नाही. दुसरा गेला. यंदा म्हणे दगड फोडणारे किल्ल्याच्या कामावर आहेत. तिसऱ्या उन्हाळ्यात निरोपसुद्धा आला नाही. दर पाडव्याला ठका दगडाला नवं कुंकू लावायची आणि घागर उचलून टेकडीची वाट धरायची. तिची पाठ वाकायला लागली होती.

इकडं सटवाचं नाव चारी दिशांना झालं. परमुलखातले लोक गाणं ऐकायला यायचे, रडायचे, तृप्त होऊन जायचे. त्याला राजवाड्याच्या मागं खोली मिळाली, दोन वेळचं जेवण मिळालं. विहिरीचं विचारलं की रसिकराज म्हणायचे, "होईल, होईल. तू गा."

एकदा सटवा घरी जाऊन आला. ठकाला तो फाटका सदरा बघवला नाही. तिनं त्याला नीट ठिगळं लावून दिली. सटवा परत राजवाड्यात आला तसा दरबारचा म्हातारा शिंपी खोलीत आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सदरा दे, बाबा."

शिंप्यानं ठिगळं उसवली. मग कात्रीनं खांद्यापाशी नवं भोक पाडलं. पाडता पाडता म्हातारा रडायला लागला.

"काका, काय झालं?"

"काय व्हायचंय? जन्मभर शिवण्यासाठी हे हात झिजवले, आणि आता पोटासाठी फाडतोय. मला हुकूम आहे लेका. तुझा सदरा कधी धड होऊ द्यायचा नाही." मग त्यानं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुझ्या विहिरीचंही तसंच आहे."

"म्हणजे?"

"मी रसिकराजांच्या अंगरख्याचं माप घेत होतो. आम्हा शिंप्यांना कान असतात हे मोठ्या लोकांच्या ध्यानात राहत नाही. ते राजाला म्हणाले, महाराज, विहीर खणली की वस्तीचं दुःख सरेल. दुःख सरलं की हे गाणं आटेल. असं गाणं कुठल्या राज्यात नाही. राजानं थोडा विचार केला आणि म्हणाला, मग राहू दे."

राहू दे! ऐकलंत? बायाबापड्यांच्या माना मोडू देत, पोरांचे घसे कोरडे पडू देत, पण आमचं संध्याकाळचं रडणं चुकायला नको! अरे, गाय दूध देते म्हणून तिला कुणी चारा तरी घालतं. इथं तर उपाशी ठेवली की दूध गोड येतं म्हणणारे निघाले!

सटवाच्या अंगाची लाही लाही झाली. आपण इतकी वर्षं फाटका सदरा घालून गात राहिलो, ते विहिरीसाठी. आणि आपल्या गाण्यानंच आक्काची विहीर अडवून धरली होती. त्यानं तो सदरा चुलीत घातला आणि पेटीतून बाराबंदी काढली.

दुसऱ्या दिवशी मोठा दरबार होता. शेजारचे राजे पाहुणे आले होते. सटवा बाराबंदी घालून आला आणि भोपळा जमिनीवर ठेवून उभा राहिला.

राजा म्हणाला, "बैस. घागरीचं गाणं होऊ दे."

"नाही होणार, महाराज."

रसिकराज उठले. "उन्मत्त झालास? कुणाच्या जिवावर मोठा झालास ते विसरलास?"

"नाही विसरलो. आक्काच्या," सटवा म्हणाला. मग तो राजाकडं वळला. "महाराज, तुम्ही विहीर का खणली नाही ते मला कळलंय. रसिकराज म्हणतात, दुःख असलं की गाणं येतं. मग गाणं त्यांना का येत नाही? त्यांच्याकडं दुःख नाही म्हणून? आमच्या वस्तीत दुःख मुबलक आहे. यांना एक उन्हाळा तिथं राहू द्या. आमची घागर वाहू द्या, आमचा चढ चढू द्या. गाणं घेऊन परत आले, तर मी जन्मभर फाटका सदरा घालीन आणि विहिरीचं नाव काढणार नाही. नाही आलं, तर विहीर खणायची."

पाहुणे राजे गालात हसले. एकजण म्हणाला, "पैज बरी आहे बुवा." पाहुण्यांसमोर राजाला मागं सरता येईना. आणि रसिकराज? ते तर खूश झाले. सगळे सूर, सगळे ताल त्यांना मुखोद्गत. या भोपळेवाल्याला जमतं ते आपल्याला जमणार नाही? "कबूल!" ते म्हणाले.

सटवा रसिकराजांना घेऊन वस्तीवर आला. पैज ऐकून ठका भडकलीच. "विहीर काय आपल्या बापाची होती का रे, पैजेवर लावायला? हा शिकलेला माणूस. रचलं यानं चार ओळींचं काही, तर? पोरंबाळं काय तुझी बाराबंदी पिळून पितील?"

सटवाला त्या क्षणी खरोखरच भीती वाटली. ठकानं मग रसिकराजांकडं बघितलं, कोपऱ्यातली घागर आणि चुंबळ उचलून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "चला."

पहिल्या दिवशी रसिकराज ओढ्याकडं उतरताना म्हणत होते, "वाहवा! काय करुण वाट आहे!" चढताना काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या तळपायाला फोड आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका पोराला हातातलं कडं देऊ केलं, माझी घागर तू ने म्हणून. पोरगा म्हणाला, "मग माझी कोण नेणार?" रोज सटवा धास्तावून कान देऊन ऐकायचा, हा माणूस गुणगुणतो का. रसिकराज गुणगुणत नव्हते. कण्हत होते.

ऊन तापलं. ओढा आटला, झरा उकरून ओंजळ ओंजळ पाणी भरावं लागलं. एके दुपारी अर्ध्या चढावर रसिकराजांचा पाय घसरला, घागर निसटली आणि पाणी मातीत गेलं. ते तिथंच बसले. मागून ठका आली, वाकलेल्या पाठीची. तिनं आपली घागर उतरवून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. रसिकराज ते गटागटा प्यायले आणि त्यांनी विचारलं, "बाई, तुझं कमी झालं, आता?"

"आता काय? पुन्हा खाली जायचं," ठका म्हणाली आणि वळली.

रसिकराज तिथून उठले ते राजधानीची वाट धरूनच. अनवाणी, चिंध्या झालेल्या अंगरख्यात ते दरबारात शिरले. शिंप्याला काही करावं लागलं नव्हतं.

राजा सावरून बसला. "आलात? गा, गा!"

"विहीर खणा, महाराज."

"ते बघू. आधी गाणं."

"गाणं कसलं गाऊ?" रसिकराज ओरडले. "तोंडात थुंकी नाही माझ्या! तिथं दुःख आहे, डोंगराएवढं आहे, पण त्यात गाणं नाही. मी शोधलं. आधी विहीर खणा!"

विहीर खणली. कडुनिंबाजवळच, ठकानं रोवलेल्या दगडापाशी. पाणी लागलं, गोड लागलं. वस्तीतली पोरं काठावर नाचली. ठकानं पहिला पोहरा ओढला आणि तोंडावर पाणी मारून घेतलं. तिची धाप थांबली. पाठ मात्र वाकली ती वाकलीच. राजानं 'दिली' म्हटलं तेव्हाच विहीर झाली असती तर ती वाकली नसती, हे मी इथं मुद्दाम सांगून ठेवतो. राजाच्या भाटांनी ते कुठं सांगितलेलं नाही.

मग राजा स्वतः वस्तीवर आला. त्याला धास्ती होती, आता गाणं आटलं असेल. सटवा काठावर बसला, अंगात बाराबंदी, करंगळीत नळी. त्यानं घागरीचं गाणं म्हटलं, बेडकाच्या कडव्यासकट. वस्ती पोट धरून हसली. नळी तारेवरून वर सरकली, तार धापा टाकू लागली, आणि राजाच्या डोळ्यांतून पूर्वीपेक्षा जास्त पाणी वाहिलं. गाण्यातला एक थेंबही कमी झाला नव्हता.

सटवानं भोपळा बाजूला ठेवला. "महाराज, एक विचारू? ही बघा माझी आक्का. गाण्यातली बाई हीच. इतकी वर्षं तुम्ही रडत होतात, ते कुणासाठी?"

राजानं ठकाच्या पाठीकडं बघितलं. ठकानं पोहरा ओढला आणि त्याच्यापुढं तांब्या धरला.

"घ्या, पाणी प्या," ती म्हणाली. "इथं कुणाला मज्जाव नाही."

म्हणून सांगतो: गाणं दुःखातून येत नाही, माणसातून येतं, आणि गाण्यावर डोळे पुसून गाणाऱ्याचं दुःख राखून ठेवणारा माणूस रसिक नव्हे, चोर असतो.