दिव्याचे तीळ

“तेल कुणीतरी चोरतंय!”

फार फार जुन्या काळी एका राज्यात ही ओरड उठली. चोराचं नाव कुणीच घेतलं नाही, पण सगळ्यांच्या नजरा एकाच दाराकडे वळल्या. कारण राज्यात तेलाचा घाणा एकच होता.

तो चालवायचा एक म्हातारा, त्याची मुलगी आणि डोळ्यांवर झापड बांधलेला एक बैल. पूर्वी जेवढ्या तिळांत घागर भरे, तेवढ्यांत आता अर्धीही भरेना.

“तेलात हात घालणाऱ्याची बोटं कोरडी राहतात होय?” पाणवठ्यावर बाया मुलीला ऐकू जाईल असं बोलायच्या.

राजाने घाण्याची झडती घेतली. काही सापडलं नाही. तरी हुकूम सुटला, “तेल पहिल्यासारखं निघेपर्यंत म्हाताऱ्याने वेशीच्या आत पाऊल ठेवू नये.”

वेशीपाशी म्हातारा लेकीला म्हणाला, “पोरी, माणसं खोटं बोलतात. तीळ खोटं बोलत नाही. त्यालाच विचार.”

तिने विचारलं. शेताशेतातले दाणे आणून ती पांढऱ्या फडक्यावर नखाने चिरडायची आणि तेलाचा डाग पाहायची. सगळीकडे डाग इवलासा. मात्र नदीपल्याडच्या पडीक माळावर, बोंडं तडकून आपोआप उगवलेल्या तिळांचा डाग दुपटीने पसरला.

त्या माळावर कुणी सूप घेऊन जात नव्हतं. मुलगी फडक्याकडे बघतच राहिली.

राज्याची जुनी रीत होती. सुगी झाली की टपोरे दाणे वेचून देवळातल्या मोठ्या दिव्याला द्यायचे, मधले घरच्या तेलाला, आणि सुपाच्या तळाशी राहतील ते बारके पेरायला.

ती तडक दरबारात गेली. “महाराज, टपोऱ्या दाण्याची लेकरं टपोरी निपजतात. त्यांना आपण दरसाल जाळतो आणि बारक्यांचा वंश वाढवतो. टपोरे मातीला द्या.”

पुजारी कडाडला, “देवाच्या वाटचं मातीत घालायचं? आणि देवाने काय बारीक वातीवर दिवस काढायचे?”

“देवाला दिवसांची काय कमी?” ती म्हणाली. “माझ्या बाबांपाशी दिवस थोडे आहेत.”

राजाने होकाराची मान हलवली.

माळावरचे मूठभर तीळ पेरले गेले. पहिल्या वर्षी फरक दिसेना, लोक हसले. ती दर सुगीला एकेका झाडाचे दाणे फडक्यावर चिरडायची, ज्याचा डाग मोठा त्याचंच बी राखायची. पाचव्या सुगीला घागर काठोकाठ भरली.

राजाने म्हाताऱ्याला आणायला पालखी धाडली. पालखीतून फक्त त्याचं तेलकट मुंडासं परत आलं.

मुलीने त्या दिवशी घाणा जुंपला नाही. बैलाची झापड सोडली, आणि देवळाच्या दाराशी एक ओळ कोरवून घेतली: ‘उत्तम ते जाळून हिणकस पेरणाऱ्याने उजेडाचा चोर दुसऱ्याच्या घरात शोधू नये.’

राजाने ती ओळ वाचली आणि मान खाली घातली. “आम्हाला दिसलंच नाही, पोरी.”

बाजूला उभा असलेला म्हातारा बैल म्हणाला, “माझ्या डोळ्यांवर तर झापड होती, महाराज. तुमच्या डोळ्यांवर कुणी बांधली होती?”