आत वळलेले बूट

"तिचा जीव आपल्यात रमत नाही हो," सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या. "मुलगी गुणाची आहे, कशाला नाही म्हणत नाही. पण पाहुणीसारखी बसून असते. दोघांना वेगळं घर करून दिलेलं बरं. आज दुपारी जेवायला बसलो की सांगून टाकू."

हे बोलणं माझ्यासाठी नव्हतं. पण ज्या घरात ते उच्चारलं गेलं त्या घराची आतली दारं कागदाची होती, आणि कागदापलीकडे मी केस विंचरत बसले होते.

एकदा एक सासू, एक सासरे, त्यांचा मुलगा आणि नवी सून परदेशी राहणाऱ्या एका वृद्ध आप्ताकडे पाहुणे म्हणून गेली, अशी या दृष्टांताची रीतसर सुरुवात व्हायला हवी. दृष्टांतातल्या माणसांना नावं नसतात; त्यामुळे पुढे कुणी रुसत नाही. पण इथली सून मीच असल्यामुळे तेवढी सोय मला नाही. माझं नाव केतकी, नवऱ्याचं तन्मय, सासूबाईंचं शालन. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. वृद्ध आप्त म्हणजे बाबांचे मामा. ते संस्कृत शिकवायला म्हणून तरुणपणी क्योटोला गेले आणि तिथेच राहिले. त्यांचे जपानी विद्यार्थी त्यांच्यापुढे कमरेत वाकतात, आम्ही पायाशी वाकतो, आणि दोन्ही वेळा ते सारखेच अवघडतात. ज्ञानी पुरुष कोण, हा प्रश्न त्यामुळे सुटला. शिष्य कोण, हे मात्र मला पुढेही नीट ठरवता आलं नाही.

मला वेगळं घर नको होतं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं. आणि कुणी विचारलं नव्हतं, कारण मी बोलत नव्हते. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. नाशिकच्या सासरच्या घरात सकाळी दूध उतू जाण्यापासून रात्री कुलूप लावण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर एक परिसंवाद होतो, आणि त्या परिसंवादाची मी एकमेव श्रोती. वक्त्यांना श्रोत्याचं मन कळत नाही, हे मला त्या सकाळी कळलं. आता दुपारच्या जेवणापर्यंत काय तो वेळ होता, आणि मधे देव बरेच होते.

पहिला देव डोंगराच्या पायथ्याशी. लाल कमानी, दारात कोल्ह्यांच्या दगडी मूर्ती, आणि आत शिरण्यापूर्वी वाहत्या पाण्याचं एक कुंड. मामाआजोबांनी लाकडी ओगराळं उचलून रीत दाखवायला सुरुवात केली: आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीतलं पाणी तोंडात घेऊन खळखळून टाकायचं. ते "टाकायचं" या शब्दापर्यंत पोचले तेव्हा बाबांनी तीर्थ समजून प्राशन केलं होतं आणि ओला हात डोक्यावरून फिरवलाही होता. शेजारची एक जपानी बाई अतिशय सभ्यपणे दुसरीकडे पाहू लागली. मामाआजोबा म्हणाले, काही बिघडत नाही, भाव महत्त्वाचा. सासूबाई म्हणाल्या, भाव ठीक आहे, पण पोटाचं काय. यावर वर चढेपर्यंत चर्चा चालली.

देवापुढे गेल्यावर लोक वाकत, दोन टाळ्या वाजवत आणि मग हात जोडत. सासूबाईंना त्या टाळ्यांचं नवल वाटलं. मामाआजोबांनी सांगितलं, आपण घंटा वाजवतो ना, त्यातलाच प्रकार. मी आलोय, माझ्याकडे बघ, असं आधी सांगायचं. सासूबाईंनी मग अशा काही टाळ्या वाजवल्या की आरतीच सुरू होते आहे असं वाटून बाबांनी डोळे मिटले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसते हात जोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, आज जेवण उशिरा होऊ दे.

दुसरं बुद्धमंदिर. तिथे बूट काढायचे होते. आल्या दिवशीच मामाआजोबांनी आम्हाला इथली एक पद्धत सांगितली होती. आत शिरताना आपण आतल्या दिशेला तोंड करून बूट काढतो. यजमान मागाहून वाकून ते बाहेरच्या दिशेला वळवून ठेवतो, म्हणजे निघताना पाहुण्यानं नुसते पाय घालायचे. इथे आमचे यजमान तेच. त्यामुळे सगळे आत गेले की ते मागे राहून, गुडघ्यावर हात टेकत, आम्हा सगळ्यांचे बूट वळवत. बाबांना याचा फार संकोच वाटे. मामानं भाच्याचे बूट हातात घ्यायचे म्हणजे काय. पण या एका बाबतीत म्हातारा ऐकत नसे.

आत पांढऱ्या बारीक खडीचं अंगण होतं. त्यात दंताळ्यानं ओढलेल्या रेषा आणि मधे काही दगड. तन्मय भक्तिभावानं माहितीफलक वाचू लागला. सासूबाई बऱ्याच मागाहून आल्या, मोजे सरळ करत होते म्हणाल्या, आणि त्यांनी त्या रेषांकडे एकदा पाहून विचारलं, या रोज नव्यानं काढतात का? मामाआजोबा हो म्हणाले. "मग रांगोळीच की," असं म्हणून त्या निवांत पाय दुमडून बसल्या. त्या देशात आल्यापासून प्रथमच त्यांना माहेरी आल्यासारखं वाटलेलं दिसलं. मामाआजोबा त्यांच्याकडे इतक्या कौतुकानं पाहत होते, की मला जरा हेवा वाटला.

बाहेर आलो तेव्हा सगळ्यांचे बूट बाहेर तोंड करून ओळीनं उभे होते. फक्त माझे निळे बूट आत पाहत होते.

मनात एक गोष्ट रुतून बसली की माणूस तिला सगळीकडून खतपाणी मिळवून देतो. मला वाटलं, कागदाच्या घरात मामाआजोबाही राहतात. सकाळचं त्यांनीही ऐकलं असणार. पाहुण्यांचे बूट त्यांनी वळवले, आणि जी ना धड पाहुणी ना धड घरची, तिचे तसेच सोडले. मी वाकून, वळून बूट घातले. तन्मयला हळूच सांगितलं तर तो म्हणाला, राहिले असतील चुकून.

पुढच्या मंदिरात मी खांबाआड थांबले. मामाआजोबा वाकले, आणि त्यांनी माझे बूट सगळ्यांत आधी वळवले. नाडीत अडकलेलं एक वाळलं पानसुद्धा काढून टाकलं. मला माझीच लाज वाटली. पण दर्शन घेऊन परत आलो, तर पुन्हा तेच. सगळे बाहेर, माझे आत.

जेवणाची वेळ झाली. मामाआजोबा आम्हाला मंदिराच्या मागच्या एका जुन्या उपाहारगृहात घेऊन गेले. तिथे भिक्खूंच्या पद्धतीचं, कांदा-लसूण वर्ज्य असलेलं जेवण मिळतं, असं ते म्हणाल्यावर सासूबाईंनी पर्समधल्या मेतकुटाच्या डबीवर नकळत हात ठेवला. दाराशी किमोनोतल्या वयस्कर मालकीणबाईंनी गुडघे टेकून आमचं स्वागत केलं. बूट काढून आम्ही आत गेलो. चटईवर ठेंगणं मेज होतं. बाबांनी पाय कुठे ठेवायचे हा विषय काढला. सासूबाई अजून आल्या नव्हत्या. मला वाटलं, त्या कसं सांगायचं ते जुळवत असतील. बसवेना म्हणून मी त्यांना बघायला बाहेर आले.

दाराशी जे चाललं होतं ते मी जन्मात विसरणार नाही. सासूबाई पदर कमरेला खोचून उकिडव्या बसल्या होत्या आणि माझे निळे बूट आतल्या दिशेला वळवत होत्या. वळवून त्या उठल्या. मालकीणबाईंनी लवून नमस्कार केला आणि बूट बाहेर वळवले. सासूबाईंनीही लवून नमस्कार केला आणि परत आत वळवले. मालकीणबाई हसल्या, पुन्हा लवल्या, पुन्हा वळवले. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. दोघींच्या चेहऱ्यावर कमालीचा आदर होता आणि दोघीही एक तसूभर मागे हटायला तयार नव्हत्या.

माझ्यामागे मामाआजोबा येऊन उभे राहिले होते. त्यांच्या मागे बाबा, त्यांच्यामागे तन्मय. मामाआजोबांनी शांतपणे विचारलं, शालन, हे काय चाललंय?

सासूबाईंनी दचकून वर पाहिलं. मग, चोरी पकडली गेली की माणूस आधी पदर सावरतो, तसा त्यांनी सावरला. "मामा, तुमच्याकडची रीत चांगलीच असणार. पण आपण लक्ष्मीची पावलं कधी दाराकडे तोंड करून काढतो का? नवी सून आहे. जिथे जाऊ तिथे हिचे बूट आपले बाहेरच बघत बसतात. मला नाही बरं वाटत."

"अगं, पण सकाळी तर तूच म्हणत होतीस की..." बाबा म्हणाले. बाबांनी वाक्य अर्धवट सोडल्याचं मी तरी प्रथमच पाहिलं.

आणि मग मामाआजोबांनी एक विचित्र गोष्ट केली. ते वाकले, माझे बूट उचलले, आणि मालकीणबाईंकडे किंवा सासूबाईंकडे न देता ते माझ्या हातात दिले. अशा त्या शांत, सुगंधी, शेकडो वर्षं अदबीनं वागत आलेल्या दारात मी दोन्ही हातांत बूट घेऊन उभी राहिले. कुणाला काही उमगेना. मालकीणबाई तर घाबरल्याच. त्यांना वाटलं, पाहुणे निघाले.

मामाआजोबांनी त्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मग आमच्याकडे वळले.

"या बाई बूट बाहेर वळवतात, कारण जाणं सोपं करून ठेवलं की माणूस निर्धास्त बसतो. शालन आत वळवते, कारण हिनं जाऊच नये असं तिला वाटतं. दोन्हीत मायाच आहे. मी कुणाला चूक म्हणू? पण शालन, तुझ्या मनातलं तू बुटांना सांगतेस आणि तोंडानं मात्र हिला वेगळं घर देतेस. सकाळचं मीही ऐकलं. भिंतींना कान असतात म्हणतात. माझ्या घरच्या भिंतींना तोंडही आहे. आणि ही मुलगी," ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "ही सगळं ऐकते आणि बुटांनासुद्धा काही सांगत नाही. न बोलता समोरच्याला कळेल असं वाटणं, ही माणसाला देव समजण्यातली चूक आहे. इथे तर देवापुढेही आधी टाळ्या वाजवतात. पाय हिचे आहेत. बूट कुठे पाहणार, ते हिला विचारा."

सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या, आणि मी ऐकलं होतं हे त्यांना आत्ता कळत होतं, हे मला दिसत होतं. त्यांचा चेहरा पाहून मला माझ्यापेक्षा त्यांचंच वाईट वाटलं. मी खाली वाकले आणि बूट त्यांच्या सँडलशेजारी ठेवले, त्या सँडल जिकडे पाहत होत्या तिकडेच तोंड करून. मालकीणबाई हसल्या. सासूबाईंनी हात पुढे केला, आणि मग तो आवरून स्वतःच्याच मांडीवर ठेवला.

आम्ही आत जाऊन बसलो. छोट्या छोट्या लाकडी वाट्यांतून जेवण आलं: तिळाचं काहीतरी मऊ, तळलेल्या भोपळ्याची एक फोड, स्वच्छ पाण्यात तरंगणारं टोफू. एरवी यातल्या प्रत्येक वाटीवर आमच्याकडे स्वतंत्र मत पडलं असतं. आज कुणी बोललं नाही. बाबांनी पायांची तक्रार केली नाही. सासूबाईंनी मेतकुटाची डबी मेजावर ठेवली, पण उघडली नाही. चमचा वाटीला लागल्याचा आवाज येत होता, बाहेर बांबूच्या नळीतून पाणी दगडावर पडत होतं, आणि तेवढंच.

या शांततेचे लोक पैसे देतात, असं तन्मय नंतर म्हणाला. मला ती ओळखीची होती. मी तिच्यातच लहानाची मोठी झाले आहे. आई गेल्यावर आमच्या घरी वडील आणि मी समोरासमोर बसून जेवत असू. प्रेम होतं, ताटात वाढलेलं होतं, पण एका घासापासून दुसऱ्या घासापर्यंत सांगण्यासारखं कुणाकडे काही नसे. लग्नानंतर पहिल्यांदा नाशिकच्या घरी जेवायला बसले तेव्हा आमटीत गूळ जास्त की कमी यावर सासूबाई आणि बाबा एकदम बोलत होते, आणि माझ्या घशाशी हुंदका आला होता. तो तिखटाचा ठसका समजून सासूबाईंनी मला पाणी दिलं होतं. मीही ते तसंच समजू दिलं होतं.

सासूबाईंनी टोफूची वाटी थोडी पुढे सरकवली, थोडी मागे घेतली. मग मान खाली घालूनच म्हणाल्या, "केतकी, सकाळी मी जे म्हटलं ना, ते मी आपलं..." आणि अडकल्या. तन्मयनं माझ्याकडे पाहिलं. मामाआजोबा अत्यंत एकाग्रतेनं भोपळा खात होते.

त्या दिवसभरात मी जे काही मनातल्या मनात म्हटलं होतं, त्यातलं मी काहीच बोलले नाही. जे आलं ते भलतंच होतं, आणि बरंच मोठ्यानं आलं. पलीकडच्या खोलीतली माणसंसुद्धा क्षणभर थांबली असावीत.

"आई, आमच्याकडे जेवताना हे असंच असायचं, नुसता भांड्यांचा आवाज. मी तुमच्यात गप्प बसते, कारण मधे बोलले तर तुमचं काहीतरी ऐकायचं राहील. आम्हाला वेगळं घर देऊ नका. तिथे बोलणार कोण? मी ही अशी, आणि तन्मय जेवताना तोंड उघडतो ते फक्त घास घ्यायला."