शफरीची साक्ष आणि वरुणाचा वर

पूर्वी त्रेतायुग नुकते उजाडले होते आणि कृतयुगाची ऊब भूमीतून पुरती गेलेली नव्हती, त्या काळी वेत्रमती नदीच्या तीरावर दार्भायण मुनींचा आश्रम होता. शंभर शिष्य, तीनशे धेनू, अखंड अग्निहोत्र आणि या साऱ्याचा भार वाहणारा वृद्ध कुलपती. वेद त्यांना मुखोद्गत होते. पण रोज अर्घ्य देताना ते नेमके कुणाच्या हाती पडते, ही शंका साठ वर्षांत त्यांना सोडून गेली नव्हती.

बारा वर्षे पर्जन्य रुसला. नदीचे पात्र वाळूचे झाले, एका डोहात काय ते पाणी उरले. चार दिवसांच्या वाटेवर एक सरोवर होते. दुसऱ्या दिवशी आश्रम सोडून तिकडे जावे असे ठरले. तेवढ्यात शफरी नावाची निषादांची नावाडीण सभेत येऊन उभी राहिली.

"पात्रात वरुणदेव भेटले," ती म्हणाली. "सातव्या दिवशी मी इथून वाहीन म्हणाले. तीरावर अर्घ्य द्यायला कुणी नसलं, तर पुन्हा या वाटेनं येणार नाहीत."

देव दिसला असे सांगणाऱ्याची परीक्षा त्या देवाच्या ध्यानश्लोकावरून घ्यावी, असा आश्रमाचा दंडक होता. पट्टशिष्य वक्रनेमी पुढे झाला.

"वाहन कोणते?"

"पायीच होते. टाचा भेगाळलेल्या."

"हाती पाश?"

"काही नव्हतं. घाम पुसत होते."

सभा हसली. "घामेजलेला जलाधिपती," वक्रनेमी म्हणाला. "बाई, उन्हात डोके झाकून हिंडावे."

"झाकलेलंच होतं. आणि खोटंच सांगायचं असतं, तर तुमचा श्लोक म्हणून दाखवला असता. जन्मभर नावेत ऐकत आलेय."

ते वाक्य दार्भायणांच्या काळजात रुतले. म्हणजे आजवर या दंडकाने आपण पारखले ते दर्शन की पाठांतर?

"गुरुदेव," वक्रनेमी म्हणाला, "जिने पाहिले तिला ते प्रत्यक्ष, आपल्याला ती केवळ वार्ता. वार्तेवर तीनशे धेनूंचे प्राण टांगावेत काय?"

"टांगू नयेत. तू सर्वांना घेऊन जा. पण ज्या मंत्रांवर आपण उभे आहोत, तेही प्रथम कुणा एकालाच दिसले होते. मी राहतो."

"आपला विश्वास बसला?"

"नाही, वत्सा. पण ही खोटी ठरली तर एक म्हातारा जाईल. ही खरी ठरली आणि तीरावर कुणी नसले, तर नदी जाईल."

सारे गेले, तीरावर मुनी आणि शफरी दोघेच उरली. सहाव्या दिवशी डोहही आटला.

"मुनिबाबा, पस्तावा होतोय?" शफरीने विचारले.

"घटकेघटकेला."

"मग जायचं होतंत की."

"त्याचाही झाला असता."

सातव्या दिवशी मध्यान्ही दूरवर गर्जना उठली, आणि फेनाच्या शुभ्र आयाळी उधळीत वेत्रमती आपल्या पात्रात परतली. कमंडलूत राखून ठेवलेल्या शेवटच्या ओंजळीने दार्भायणांनी अर्घ्य दिले. तोच मकरारूढ, पाशधर, मौक्तिकप्रभ असा वरुण प्रवाहावर प्रकटला. श्लोकात असतो तंतोतंत तसा. म्हणून आनंदापाठोपाठ भय आले: हे मी पाहतो आहे, की माझे पाठांतर?

"देवा, हिला आपण अनवाणी दिसलात."

"तिने तिच्या डोळ्यांनी पाहिले, तू तुझ्या," वरुण म्हणाला. "वर माग. तुझ्या वाणीला असे सामर्थ्य देतो की तुझ्या साक्षीवर त्रैलोक्यात कुणी संशय घेणार नाही."

मुनी मोहात पडले. अशी निःसंशय वाणी ऐकायला मिळावी म्हणून तर ते साठ वर्षे झुरले होते. मग त्यांनी हात जोडले.

"ती नको. उद्या एखाद्या लबाडाला लाभली तर जगाची धडगत नाही. आणि मला लाभली, तर लोक माझे ऐकून घरीच बसतील. ऐकणाऱ्याची शंका राहू दे. फक्त तिने त्याची पावले बांधू नयेत, एवढे कर."

"तथास्तु."

चार दिवस चालून मुनी सरोवरावर पोचले आणि घडले ते सांगितले. वक्रनेमीने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"पर्वतावर मेघ फुटला असेल, गुरुदेव."

"असेल."

"आणि दर्शन?"

"मला झाले. तुला नाही. माझा शब्द तुझ्या डोळ्यांच्या जागी बसणार नाही."

वक्रनेमीच्या कपाळावरची आठी गेली नाही. ती तशीच ठेवून तो उठला आणि एकेका गाईचे दावे सोडू लागला.

वरुणाच्या त्या वराने आजही, कुणी देव पाहिल्याचे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात शंका उरते, आणि पावले मात्र नदीकडे वळतात.