मोट भरेपर्यंतचं गाणं

"झोपच येऊ नये, असं काही औषध आहे का हो माई?"

चंद्रामाई मठाच्या ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला पाहिजे?"

"मला."

विचारणारी बायजा. माईंच्याच हाताखाली शिकलेली सुईण. आता आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर बाळंतपण म्हटलं की तिलाच बोलावणं. मठात आली तरी टेकली नव्हती, उभीच होती. पदर खोचलेला तसाच.

"झोपेनं काय केलं गं तुझं?"

"वेळ खाते. एका घरून निघते तोवर दुसऱ्या घरचा माणूस दारात उभा. मी आजवर कुणालाच नाही म्हटलेलं नाही, माई. तुमच्या वेळीसुद्धा एवढी बोलावणी नव्हती."

"नव्हती बाई," माई म्हणाल्या. "हसलीस कधी शेवटची?"

"हसायला मोकळीक कुणाला आहे!"

माई लसूण सोलत राहिल्या…

बायजाचा आवाज जरा खाली आला.

"परवा एका वस्तीवर पोर हातात आलं अन् माझा डोळा मिटला. एवढासाच. सासूनं खाली ओटी धरली म्हणून पोर वाचलं. आता भेंडगावच्या सुनेचे दिवस भरलेत. पोर पायाळू आहे, आधी पाय येणार. पहिलं गेलंय तिचं. तिथं माझा डोळा मिटला तर…"

बायजानं खोचलेला पदर आणखी घट्ट केला.

"म्हणून मागते. मुळी द्या, पाला द्या. कडू असलं तरी चालेल."

माईंनी मांडीवरची टरफलं झटकली.

"देते. आधी जरा मोट हाक. गड्याला ताप आलाय अन् वांग्यांनी माना टाकल्यात."

"मोट? मी?"

"का, विसरलीस? बापाच्या विहिरीवर हाकायचीस ना?"

"विसरते कशाची! घटकाभरात सगळे वाफे भिजवून देते, बघाच तुम्ही."

मळ्यातल्या विहिरीवर बैल जुंपलेलेच होते. बैल उतारावरून खाली चालले की दोराला बांधलेली चामड्याची मोट पाणी घेऊन वर येते. बैल उलट पावली मागं आले की ती पुन्हा विहिरीत उतरते. काम एवढंच.

बायजानं बैल पळवले. खाली गेले की लगेच मागं ओढले, अन् अर्ध्यातूनच पुन्हा खाली हाकलले.

मोट वर आली. मोट रिती होते त्या दगडी थारोळ्यात चूळ भरण्यापुरतं पाणी पडलं.

बायजानं आणखी घाई केली.

या खेपेला तेवढंही नाही.

"मोट फाटलीय, माई."

"धड आहे."

"मग बैल आळशी आहेत."

"आळशी कुठले? तुझ्यासारखेच तर पळतायत."

बायजाच्या कपाळावरून घाम गळत होता. वाफे कोरडेच. तिनं चिडून कासरा मनगटाला गुंडाळला.

"गाणं कुठंय?" माईंनी विचारलं.

"कसलं गाणं?"

"तुझा बाप मोटेवर गायचा की. पार मठापर्यंत ऐकू यायचं. बेसूर."

"त्याला काय दुसरं काम होतं! बैल मागं येईस्तोवर हात रिकामे, म्हणून गायचा."

"अन् वाफे?"

"वाफे काय… भिजायचे."

माई थारोळ्याच्या काठावर गेल्या आणि आत पाय सोडून बसल्या.

बायजा जागच्या जागी उभी राहिली. विहिरीकडं बघितलं. बैलांकडं बघितलं. मग मनगटाचा कासरा सोडवला आणि लाजत, घसा खाकरत सुरू झाली…

"मागं ये रं ढवळ्या, सासू तुझी आली,
शिंगं पूस, शेपूट झाड, बघ पैठणी ल्याली!"

बैल गाण्याच्या चालीनं मागं येत गेले. पार विहिरीच्या तोंडापाशी आले. खाली मोट पाण्याला टेकली, कलंडली, गुडुप झाली. गाणं अजून चालूच होतं. दोर जड झाला तसे बैल आपणहून उताराला लागले.

थारोळ्यात धो-धो पाणी कोसळलं. माई गुडघ्यापर्यंत भिजल्या.

"बैलाच्या सासूला पैठणी!" माईंचं बोळकं तोंड हसायला लागलं.

"बाप असलंच काहीबाही गायचा, काय करू!"

बायजाही हसली. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेना.

मग मोटेमागून मोट आली. गाणं बदलत गेलं, सासूची पैठणी जाऊन नऊवारी आली, शेवटी सासूच बैलगाडीत बसून माहेरी गेली. वांगी भिजली, मिरच्या भिजल्या. बायजा बैल सोडून माईंपाशी येऊन बसली. मठात आल्यापासून पहिल्यांदाच बसली.

"माई… औषध?"

तेवढ्यात वाटेवर बैलगाडी खडखडली. भेंडगावच्या त्या सुनेचा नवरा, गेनू.

"सुईणबाई, चला! कळा सुरू झाल्यात. अजून थांबून थांबून येतायत, पण चला!"

बायजा ताडकन उठली. गाडीत चढून पुढं जाऊन बसली.

"आसूड इकडं दे. मी हाकते."

माईंनी तो आसूड तिच्या हातातून काढून घेतला आणि गेनूला दिला. गाडीत कडबा पसरला. त्यावर आपली घोंगडी अंथरली.

"मागं हो. आडवी पड."

"माई, पायाळू आहे ते! अन् भेंडगाव केवढं लांब. वाटेत माझा डोळा लागला तर?"

माईंनी घोंगडीचं टोक दुमडून तिच्या डोक्याखाली सरकवलं.

"मग पोचशील."