सकाळचे बैल, संध्याकाळचे बैल

मानसिंगराव म्हणून एक जहागीरदार होते बरं का. गावाला तळं बांधायचं म्हणून त्यांनी माळावरचे वडार कामाला लावले. पण काम काही पुढं सरकेना. आधी त्यांनी मजुरी वाढवली, मग चाबूकवाला उभा केला, तरी बांध आपला तिथंच. शेवटी चिडून म्हणाले, "आठ दिवसांत बांध पुरा झाला नाही, तर सगळ्यांना माळावरून हाकलून देईन."

वडारांच्या मुकादमाची बायको यल्लूबाई पुढं आली. म्हणाली, "सरकार, तुमचे बैल सकाळी शेताकडं कसे जातात?"

"टोचल्याशिवाय पाय उचलत नाहीत."

"आणि संध्याकाळी?"

"तेव्हा आवरत नाहीत. घराची ओढ असते ना."

"मग सरकार, हे तळं भरल्यावर सारा गाव पाणी नेणार, आणि आमच्या बायकांना तिथं घागर बुडवायची मनाई. आमच्या कामाची वाट आमच्या घराकडं जातच नाही. तुम्ही दहा चाबूकवाले उभे करा, तुम्हाला सकाळचेच बैल मिळणार."

दुसऱ्या दिवशी जहागीरदारांनी दवंडी पिटवली, की तळ्याचा एक घाट वडारवाडीचा.

उरलेला बांध सहाव्या दिवशीच पुरा झाला. त्या सहा दिवसांत चाबूकवाल्याला मात्र काही काम उरलं नाही, म्हणून यल्लूबाईनं त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मातीची पाटी दिली.