दोनपर्यंत बाह्या

कराडच्या कुमुदताई वेल्हाळ व्हिडिओ कॉलवर कापडं दाखवून परगावची शिवणकामं घेत. पण इंटरनेट इतकं रखडे, की गिऱ्हाइकं तुटू लागली. ताई इंटरनेट कंपनीच्या कचेरीत गेल्या, तर मॅनेजर दाभाडेसाहेब हसले. "ताई, करारात ‘शंभरपर्यंत’ वेग लिहिलाय. दोन मिळाला तरी तो शंभरपर्यंतच झाला!"

साहेबांचा कोट ताईंकडेच शिवायला होता. लेकीच्या साखरपुड्याच्या सकाळी साहेबांनी ताईंच्या दुकानात येऊन तो अंगात घातला, तर एकच बाही!

"अहो, दुसरी बाही कुठंय?"

"पावती वाचा ना, साहेब. ‘दोनपर्यंत बाह्या’ लिहिलंय."

साहेब वरमले. वेग पन्नासच्या खाली जाणार नाही, असं त्यांनी तिथेच लिहून दिलं.

ताईंनी खणातून तयार बाही काढली. "बसा, चहा होईपर्यंत जोडते."