कपाटातली पोटुशी

फार वर्षांपूर्वीची म्हणा, नाहीतर परवाची, गोष्ट तीच. खेळण्यातली मोटार आपटून तिची बॅटरी फुगली, तशी मालकाने ती काढून कपाटातल्या चिंध्यांत टाकली. तिथेच चिमी उंदरीण पिल्लं घेऊन राहायची.

"अगं बाई, कितवा महिना?" म्हणत चिमीने तिच्या गरम पोटाला कान लावला. आत काहीतरी फुसफुसत होतं. गोडसर वास येत होता.

"बाळ नाही गं, आत जाळ आहे," बॅटरी कुजबुजली. "मला वाळूत ठेवून ई-कचरावाल्याकडे द्यायला हवं. मालक म्हणतो, बघू नंतर. तू पिल्लं हलव."

चिमीने एकेक पिल्लू तोंडात धरून अंगणात नेलं. शेवटचं उचलताना मागून आवाज आला, "पळ बयो, कळा सुरू झाल्या."

थोड्या वेळाने घरातून मालकाची हाक ऐकू आली, "अरे, कपाटात दिवा कुणी लावला?"